भुलीच्या जोडीला सजगता

तपासणीच्या टेबलावर आडव्या झालेल्या माणसाला आपल्याकडे हमखास ऐकावी लागणारी वाक्ये दोन: ‘घाबरू नका, काही होत नाही’ आणि ‘अंग सैल सोडा’. यांतले पहिले बहुतेक वेळा खरे नसते आणि दुसरे अमलात कसे आणायचे हे सांगणारा कोणी तिथे नसतो. घशातून दुर्बीण जठरापर्यंत जाते, स्तनातल्या गाठीचा तुकडा जाड सुईने काढला जातो, कमरेच्या हाडातून बोन मॅरो ओढून घेतला जातो, मूत्रमार्गात नळी घातली जाते, एमआरआयच्या अरुंद बोगद्यात अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावे लागते. आणि हे सगळे बहुधा रुग्ण शुद्धीवर असताना चालते. तेवढ्या वेळात त्याची नाडी, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू यांची नोंद होते. भीतीची नोंद करायला केसपेपरवर सहसा रकाना नसतो.

माझे म्हणणे असे की, अशा वेळी आपले लक्ष कुठे आणि कसे ठेवावे हे रुग्णाला शिकवणे हा त्या प्रक्रियेचाच एक भाग मानला पाहिजे. ते शिकवण्याची जबाबदारी प्रक्रिया करणाऱ्या चमूने उचलली पाहिजे. आणि जिथे गर्दी सर्वांत जास्त आणि रुग्णाचा आवाज सर्वांत क्षीण असतो, त्या सरकारी व पालिका रुग्णालयांपासून याची सुरुवात झाली पाहिजे. मात्र भूल, गुंगीचे औषध किंवा वेदनाशामक यांत काटकसर करण्यासाठी या उपायाचा वापर होता कामा नये. ही अट मला मूळ मागणीइतकीच महत्त्वाची वाटते, आणि ती का, हे पुढे सविस्तर मांडणार आहे.

माइंडफुलनेस किंवा सजगता हा शब्द आता इतक्या ठिकाणी वापरला जातो की, रुग्णालयाच्या संदर्भात त्याचा नेमका आशय काय हे आधी स्पष्ट केलेले बरे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झालेला, जो अभ्यासक्रम सुरू केला, तो प्रामुख्याने दीर्घकाळच्या दुखण्यांनी गांजलेल्या आणि औषधांनी पुरेसा आराम न पडलेल्या रुग्णांसाठी होता. एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाजवळ आठ आठवडे नसतात. फार तर पंधरा मिनिटे असतात. त्या पंधरा मिनिटांत मावेल इतकीच गोष्ट त्याला देता येते. श्वास सावकाश सोडत राहायचे, त्यातही बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब ठेवायचा. तळपाय, पाठ, हाताचे तळवे कुठे टेकले आहेत ते जाणवू द्यायचे. जे जाणवेल त्याला साधे नाव द्यायचे: थंड, दाब, ताण, टोचणे. ‘गाठ कॅन्सरची निघाली तर मुलांचे काय’ असा विचार आला, तर तो आला आहे एवढे ओळखायचे आणि पुन्हा श्वासावर यायचे. यापलीकडे या प्रसंगी सजगतेकडून काही मागू नये. समाधी लागण्याची अपेक्षा नाही आणि मन रिकामे करण्याचीही नाही.

एवढ्याने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे. पण वेदना ही एकसंध गोष्ट नसते. ती किती तीव्र आहे हा एक भाग आणि ती किती नकोशी वाटते हा दुसरा. फादेल झैदान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पंधरा निरोगी व्यक्तींना रोज वीस मिनिटे असे चार दिवस सजगतेचे प्रशिक्षण देऊन त्यांच्या त्वचेला चटका बसेल इतकी उष्णता दिली, तेव्हा वेदनेच्या तीव्रतेत सुमारे ४० टक्के घट नोंदली गेली, तर तिच्या नकोसेपणात ५७ टक्के. प्रयोग लहान होता, माणसे निरोगी होती, आणि चटका कधी थांबणार याची त्यांना खात्री होती. म्हणून हे आकडे जसेच्या तसे वॉर्डात आणून ठेवणे चूक ठरेल. पण दोन्ही घटींतला फरक बोलका आहे. प्रक्रियेच्या टेबलावर माणसाला जे असह्य होते, त्यात सुईचा वाटा असतो तसाच पुढच्या क्षणी काय होईल या धास्तीचाही असतो, आणि सजगता या दुसऱ्या वाट्याला हात घालते. शिवाय भीतीचे शारीरिक परिणाम प्रक्रियाच अवघड करून ठेवतात. घाबरलेल्या माणसाच्या शिरा आकसतात आणि सलाईनसाठी चार-चार वेळा टोचावे लागते. घशाचे स्नायू आवळले की दुर्बीण पुढे सरकत नाही. ओटीपोटाखालचे स्नायू घट्ट झाले की स्त्रीरोगाची साधी आतली तपासणीही दुखते. भीती कमी करणे हे म्हणूनच डॉक्टरच्या कामाच्या दृष्टीनेही सोयीचे आहे.

या विषयातली माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट माइंडफुलनेसचे नाव रुग्णालयात पोचण्याच्याही आधीची आहे. जीन जॉन्सन आणि हॉवर्ड लेव्हेंथल यांनी १९७४ साली एंडोस्कोपीच्या रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेमके काय जाणवेल हे आधी सांगितले आणि त्या वेळी काय करायचे हेही शिकवले, तर रुग्ण ती तपासणी अधिक शांतपणे पार पाडतो, असा त्याचा मथितार्थ होता. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते. संमतिपत्रावर धोक्यांची यादी असते, कारण कायद्याला ती हवी असते. २००८ सालच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने, उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके यांची पुरेशी माहिती दिल्याशिवाय घेतलेली संमती ग्राह्य नाही, हे स्पष्ट केले आहे. पण आतडे फाटण्याची दुर्मीळ शक्यता छापील अक्षरांत वाचून सही करणाऱ्या माणसाला, पुढच्या दहा मिनिटांत त्याच्या घशाला, पोटाला, जिभेला काय वाटणार आहे, हे बहुधा कोणीच सांगितलेले नसते.

एंडोस्कोपीचेच पाहू. घशात लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचा फवारा मारल्यावर तोंड कडू होते आणि थोड्याच वेळात घसा सुजल्यासारखा, आवंढा अडकल्यासारखा वाटतो. ज्याला हे आधी सांगितलेले नाही, त्याला श्वास कोंडतो आहे असे वाटते आणि तो हात उचलून नळी धरायला बघतो. मग दोघे जण त्याचे हात धरतात आणि भीती दुप्पट होते. याऐवजी परिचारिकेने आधी एवढेच सांगितले तर पाहा: ‘काका, औषध कडू लागेल आणि घसा जाडसर वाटेल, म्हणजे औषध लागू पडले. श्वासाची वाट वेगळी आहे, ती मोकळीच राहणार. नाकाने श्वास घ्या आणि हळूहळू सोडा. लाळ गिळू नका, ती बाहेर येऊ द्या, खाली कापड ठेवले आहे. पोट फुगल्यासारखे वाटेल ते आम्ही सोडलेल्या हवेमुळे. जाताना ती काढून घेऊ.’ यात खोटा दिलासा नाही आणि घाबरवणेही नाही. प्रत्येक वाक्य रुग्णाचे लक्ष एका खऱ्या, ओळखता येणाऱ्या संवेदनेकडे नेते आणि त्या संवेदनेचा अर्थही सांगते. सजगतेचे जे काही सार या खोलीत उतरू शकते, ते या पाच-सहा वाक्यांत आले.

शब्दांची निवड इथे किरकोळ बाब नाही. एल्व्हिरा लँग या रेडिऑलॉजिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रक्रियांच्या चित्रफिती तपासून २००५ साली दाखवून दिले की, ‘आता दुखेल’, ‘आता आग होईल’ असा नकारात्मक शब्दांतला इशारा दिल्याने रुग्णाची वेदना आणि चिंता वाढते. मग गप्प बसावे का? नाही, कारण अचानक बसलेला धक्का त्याहून वाईट असतो. माझ्या वहिनींच्या स्तनाची बायॉप्सी होती तेव्हा मी बाहेर होतो आणि त्यांनी नंतर जे सांगितले ते असे: जागा बधिर केली होती, सुई आत गेली ती फारशी कळलीही नाही, पण तुकडा घेणाऱ्या त्या स्प्रिंगच्या उपकरणाचा ‘खट्’ असा आवाज कानाजवळ झाला आणि त्या टेबलावरून उठायला निघाल्या. त्यांना वाटले, काहीतरी तुटले. तुकडे अनेक घ्यायचे होते. उरलेला सगळा वेळ त्या सुईची नव्हे तर पुढच्या आवाजाची वाट पाहत, दातओठ आवळून पडून राहिल्या. सुई टोचण्यापूर्वी ते उपकरण हवेत एकदा वाजवून दाखवणे आणि ‘ताई, हा आवाज चार-पाच वेळा येईल, तो आला की श्वास सोडा’ असे सांगणे, यासाठी अर्धे मिनिट पुरले असते. काही रेडिऑलॉजिस्ट हे आवर्जून करतात. ते ज्याच्या-त्याच्या स्वभावावर सोडले जाते, याबद्दल माझी तक्रार आहे.

स्तनाच्या बायॉप्सीवर चांगला पुरावाही उपलब्ध आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मेरी स्कॉट सू आणि सहकाऱ्यांनी १२१ स्त्रियांचे तीन गट केले: एका गटाने बायॉप्सीच्या वेळी ध्वनिमुद्रित ध्यान ऐकले, दुसऱ्याने आवडीचे संगीत, आणि तिसऱ्याशी डॉक्टर व तंत्रज्ञ नेहमीसारखे धीराचे बोलत राहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ध्यान आणि संगीत या दोन्ही गटांतली चिंता आणि थकवा नेहमीच्या पद्धतीपेक्षा अधिक कमी झाला, आणि वेदनेच्या बाबतीत ध्यानाचा गट संगीताच्या गटापेक्षा सरस ठरला. त्या मुद्रणातले ध्यान म्हणजे बौद्ध परंपरेतली मैत्रीभावना होती. स्वतःविषयी आणि इतरांविषयी सद्भाव मनात आणण्याचा तो सराव. निदान काय निघेल या काळजीत असलेल्या बाईला स्वतःबद्दल मायेने विचार करायला सांगणे मला फार योग्य वाटते, कारण अशा वेळी बहुतेक बायका स्वतःलाच दोष देत असतात: आधीच का दाखवले नाही, घरच्यांना किती खर्चात पाडले.

आता एक गोष्ट जी मला स्वतःला अनपेक्षित होती. लँग यांच्याच २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासात, रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंडावरच्या सुईच्या प्रक्रियांसाठी आलेल्या २४१ रुग्णांपैकी ज्यांना टेबलावरच आत्मसंमोहनाने शिथिल व्हायला शिकवले, त्यांची वेदना वेळ जाईल तशी वाढली नाही, औषध नेहमीच्या गटापेक्षा निम्म्याहून कमी लागले, आणि प्रक्रियेचा सरासरी वेळ ७८ मिनिटांवरून ६१ मिनिटांवर आला. आत्मसंमोहन म्हणजे सजगता नव्हे, हे मान्य. लक्ष वळवण्याची दिशा दोन्हींत वेगळी असते. पण पुढचा अभ्यास अधिक विचार करायला लावणारा आहे. ट्यूमरवर सुईवाटे उपचार घेणाऱ्या २०१ रुग्णांत त्यांनी तिसरा गट ठेवला, त्यात रुग्णाजवळ बसून केवळ आस्थेने लक्ष देणारी व्यक्ती होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार संमोहनाच्या गटात १२ टक्के, नेहमीच्या गटात २६ टक्के, तर या आस्थेच्या गटात ४८ टक्के रुग्णांत रक्तदाब-नाडीच्या चढउतारांसारख्या प्रतिकूल घटना घडल्या, आणि अभ्यास वेळेआधी थांबवावा लागला. संशोधकांनी याचा अर्थ असा लावला की, रुग्णाच्या स्वतःच्या हाती काही साधन न देता नुसते त्याच्याकडे लक्ष पुरवले, तर त्याचे सगळे अवधान बाहेर, दुसऱ्या कोणावर तरी टांगून राहते.

हा निष्कर्ष आपल्याला विशेष लागू पडतो, कारण आपल्याकडे रुग्णाला धीर देणे हे नातेवाइकांचे काम मानले जाते आणि ते प्रेमाने केलेही जाते. पण ‘काही नाही होत गं’ असे म्हणून कपाळावरून हात फिरवणारी मावशी आणि ‘पायाचे तळवे जाणव, श्वास सोड, मी मोजते’ म्हणणारी मावशी यांत फरक आहे. दुसरी त्या बाईला करायला काही देते. सहानुभूती पुरेशी नसते, हे ऐकायला कटू आहे. पण हा उपाय शिकून घ्यावा लागतो, तो चांगुलपणातून आपोआप येत नाही, हे त्यातून कळते. म्हणूनच तो प्रशिक्षणाचा विषय आहे.

इथे मी सुरुवातीला घातलेल्या अटीकडे येतो. ज्या देशात वेदनाशमन मुबलक आहे, तिथे सजगता ही वरकड सोय ठरते. आपल्या देशात ती सबब ठरण्याचा धोका आहे. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ सालच्या कायद्यामुळे मॉर्फिनसारखे औषध कॅन्सरच्या रुग्णांपर्यंत पोचणेसुद्धा वर्षानुवर्षे दुरापास्त झाले होते. २०१४ सालच्या दुरुस्तीने परवान्यांची वाट थोडी सोपी केली, तरी दुखणे सोसलेच पाहिजे ही मानसिकता कायद्याच्या दुरुस्तीने जात नाही. गुंगीचे औषध द्यायचे तर रुग्ण उपाशी हवा, प्राणवायूवर लक्ष ठेवायला माणूस हवा, नंतर तासभर खाट हवी आणि घरी न्यायला सोबत हवी. यातले काहीच पुरेसे नसलेल्या ठिकाणी ‘ध्यानाचे मुद्रण लावा आणि आटपा’ असे म्हणणे फार सोपे आहे. मला हे होऊ द्यायचे नाही. बधिर करण्याचे औषध लागू पडायला जी दोन-चार मिनिटे लागतात, ती न थांबता केलेला छेद हा कोणत्याही श्वासोच्छ्वासाने समर्थनीय ठरत नाही. सजगतेचा खरा अधिकार कुठे आहे, तर जिथे औषध पोचतच नाही तिथे. बोन मॅरो काढताना त्वचा आणि हाडावरचे आवरण बधिर करता येते, पण हाडाच्या आतून मज्जा ओढली जाताना होणारी ती खोल, विचित्र ओढ जागेवरच्या भुलीने जात नाही; ती काही सेकंदच असते. ‘आता आतून ओढल्यासारखे वाटेल, चार-पाच सेकंद, लांब श्वास सोडा’ हे वाक्य तिथे औषधाइतकेच आवश्यक आहे.

हा धोका बायकांच्या बाबतीत अधिक आहे. गर्भनलिका मोकळ्या आहेत का हे पाहणारी एचएसजी, गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा काढणे, तांबी बसवणे, या गोष्टी बहुतेक ठिकाणी भुलीशिवाय होतात, आणि दुखले म्हणून हुंकार दिला तर ‘एवढ्याला घाबरता, मग बाळंतपण कसे निभावणार’ असे ऐकवले जाते. प्रसूतिकक्षात कळा देणाऱ्या बाईवर ओरडणे ही तर इतकी रुळलेली गोष्ट होती की, केंद्र सरकारला २०१७ साली प्रसूतिकक्षांच्या सुधारणेसाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम आणताना सन्मानपूर्वक वागणूक हा त्याचा भाग करावा लागला. अशा वातावरणात श्वासाकडे लक्ष द्या असे सांगणे, हे गप्प बसा असे सांगण्याचे सभ्य रूप ठरू शकते. म्हणून रुग्णाला ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार आधी दिला पाहिजे. हात वर केला की डॉक्टर थांबतील, ही खूण प्रक्रियेपूर्वी ठरवून द्यायची आणि ती पाळायची. थांबवता येते हे माहीत असलेला माणूस बऱ्याच वेळा थांबवतच नाही. आणि ज्याला थांबवता येत नाही त्याला सजग व्हायला सांगणे हा अन्याय आहे. तसेच प्रक्रिया दुखली तर ‘तुम्ही नीट श्वास घेतला नाहीत’ हे वाक्य कोणाच्याही तोंडी येता कामा नये. हे तंत्र रुग्णाची परीक्षा घेण्यासाठी नाही.

सगळ्यांना एकच उपाय लागू पडत नाही, हेही स्पष्टपणे मांडले पाहिजे. सुझान मिलर यांनी गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी आलेल्या स्त्रियांवर केलेला १९८३ सालचा अभ्यास असे दाखवतो की, काहींना सगळे तपशील कळले की बरे वाटते आणि काहींना ते न कळलेले बरे वाटते. ज्याला जे मानवते ते त्याला मिळाले, तर शरीरही शांत राहते. शरीराकडे लक्ष नेणे ज्याला झेपत नाही, त्याला खिडकीबाहेर पाहू द्यावे, गाणे ऐकू द्यावे, गावाकडच्या शेताचे वर्णन करू द्यावे. लहान मुलांना तर लक्ष दुसरीकडे वळवणेच बहुधा अधिक उपयोगी पडते. जिच्यावर अत्याचार झाला आहे अशा स्त्रीला डोळे मिटून अंगातल्या संवेदना न्याहाळायला सांगितले, तर जुना प्रसंग अंगावर धावून येऊ शकतो. तिला डोळे उघडे ठेवू द्यावेत. आणि सुई किंवा रक्त पाहून ज्यांना भोवळ येते, त्यांच्यासाठी अंग सैल सोडण्याचा सल्ला चक्क उलटा आहे. त्यांचा रक्तदाब आधीच घसरत असतो. स्वीडनमधले मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान अस्त यांनी अशांसाठी हातापायांचे मोठे स्नायू काही सेकंद आवळून धरण्याचे तंत्र रूढ केले, आणि ते उपयोगी ठरले आहे. ज्या हाताला टोचायचे आहे तो मात्र सैल ठेवायचा. एवढा फरक परिचारिकेला माहीत असला, तर रक्त तपासणीच्या खोलीत खुर्चीवरून कोसळणारे तरुण पुष्कळ कमी होतील.

महाराष्ट्राचे या विषयाशी नाते जुने आहे. सत्यनारायण गोयंका यांनी शिकवलेल्या विपश्यनेचे मुख्य केंद्र, धम्मगिरी, इगतपुरीला आहे. तिथे १९७६ सालापासून शिबिरे चालतात, आणि आपल्या कर्मचाऱ्यांनी शिबिराला जावे म्हणून राज्य शासनाने रजेची सवलतही दिलेली आहे. गोयंका स्वतः ब्रह्मदेशात अर्धशिशीच्या भयंकर दुखण्याने आणि त्यावरच्या मॉर्फिनच्या इंजेक्शनांनी त्रस्त होऊन सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते, आणि डोकेदुखी बरी करण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले, ही हकीकत ते स्वतः सांगत असत. परंपरेचा हा आग्रह मला आदरणीय वाटतो. मुक्तीचा मार्ग म्हणून जे जपले गेले त्याला वेदनाशामकाच्या बाटलीत भरू नये, असे कोणा साधकाला वाटले तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण टेबलावर पडलेल्या माणसाची गरज वेगळी आहे आणि ती तातडीची आहे. श्वास सोडण्यावर कोणत्याही संप्रदायाचा हक्क नाही. त्यामुळेच रुग्णालयातली ही सजगता धर्मनिरपेक्ष राहिली पाहिजे: खोलीत एकाच धर्माचे मंत्र लावून ठेवायचे नाहीत; ज्याला नामस्मरण करायचे असेल त्याने ते करावे, ज्याला कलमा म्हणायचा असेल त्याने तो म्हणावा, आणि ज्याला यातले काहीच नको असेल त्याला नुसता श्वास पुरावा. भाषेचेही तसेच. गडचिरोलीतल्या माडिया रुग्णाला प्रमाण मराठीतले मुद्रण परकेच वाटणार, आणि टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी तर बंगाली, भोजपुरी, आसामी बोलणारे रुग्ण रोज येतात. पाच मिनिटांचे मुद्रण दहा भाषांत करणे ही खर्चाची बाब नाही.

वेळ कुठे आहे, हा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. परदेशातल्या काही अभ्यासांत रुग्णाजवळ बसायला एक जास्तीची प्रशिक्षित व्यक्ती होती; आपल्याकडे एका सकाळी एंडोस्कोपीच्या खोलीबाहेर रांग लागलेली असते आणि आत परिचारिका एकच असते. तरीही रुग्ण त्या रांगेत तास-दोन तास बसलेला असतोच. तो वेळ आज फक्त शेजारच्याकडून भीतीदायक किस्से ऐकण्यात जातो. युटा विद्यापीठात एरिक गारलँड यांनी रुग्णालयात दाखल असलेल्या, तीव्र वेदना असलेल्या २४४ रुग्णांवर केलेल्या २०१७ सालच्या चाचणीत, केवळ पंधरा मिनिटांच्या एका सत्राने वेदना कमी झाली आणि ती सत्रे रुग्णालयातल्या समाजसेवकांनी घेतली होती. आपल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाचे पद असतेच. बाकावर बसलेल्या आठ-दहा जणांना एकत्र पंधरा मिनिटे देणे त्यांच्या कक्षेबाहेरचे नाही. आतल्या खोलीत मग नवीन वेळ लागतच नाही. जे बोलले जातेच ते वेगळ्या शब्दांत बोलायचे असते. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून संवाद आणि वैद्यकीय नीती यांचे स्वतंत्र प्रशिक्षण आले आहे, ही जमेची बाजू आहे. पण टेबलाजवळ सर्वांत जास्त वेळ उभे असतात ते परिचारिका, तंत्रज्ञ आणि वॉर्डबॉय, आणि असे प्रशिक्षण त्यांच्यापर्यंतही पोचले पाहिजे. सुरुवात त्यांच्यापासून व्हावी.

शेवटच्या मिनिटाकडेही लक्ष द्यायला हवे. डोनाल्ड रेडेलमायर आणि डॅनियल कानमन यांनी कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीने होणाऱ्या तपासणीच्या, रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की, प्रक्रिया किती वेळ चालली यापेक्षा सर्वांत जास्त दुखले तो क्षण आणि शेवटचा क्षण यांवरून माणूस तिची आठवण ठेवतो. ज्यांना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणीला यायचे आहे, ते येतील की टाळतील हे बऱ्याच अंशी या आठवणीवर अवलंबून असते. नळी काढल्याबरोबर ‘चला उठा, पुढचा पेशंट’ म्हणण्याऐवजी अर्धे मिनिट पडू देणे, दोन श्वास घेऊ देणे, झाले असे स्पष्ट सांगणे, एवढे करता येते.

हे सगळे राज्यभर एकदम लादावे असे मी म्हणत नाही. दोन-तीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, एंडोस्कोपी, स्तनाची बायॉप्सी आणि बोन मॅरो या तीनच प्रक्रियांसाठी, सहा महिने करून पाहावे. प्रक्रियेपूर्वी आणि नंतर रुग्णाला भीती आणि वेदना शून्य ते दहा अशा मापाने विचारावी आणि ती केसपेपरवर लिहावी. अर्धवट सोडाव्या लागलेल्या प्रक्रिया किती, लागलेला वेळ किती, दिलेले बधिरीकरणाचे आणि गुंगीचे औषध किती, याची नोंद त्याच पानावर असावी, आणि हे आकडे रुग्णालयाबाहेरच्या कोणी तरी तपासावेत. भीतीचा आकडा उतरला आणि औषधाचे प्रमाण रुग्णाच्याच मर्जीने कमी झाले, तर उपक्रम वाढवावा. औषध कमी झाले आणि वेदनेचा आकडा मात्र चढला, तर तो त्याच आठवड्यात थांबवावा आणि औषधाचा पुरवठा कोणी व का रोखला याची चौकशी करावी.